न निघालेल्या धुराची पावती

गावाला पिण्याचं स्वच्छ पाणी दिलं तर त्याचं कार्बन क्रेडिट मिळतं, असं सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, यात काहीतरी गोलमाल आहे. आहेच. पण लोकांना वाटतो तिथे नाही, म्हणून हा लांबलचक प्रपंच.

आधी व्यवहार काय आहे ते बघू. दूषित पाणी पिण्यालायक करायचा जुना उपाय म्हणजे उकळणं. त्याला लाकूड नाहीतर कोळसा लागतो. त्याच घराला क्लोरीन घातलेलं पाणी, फिल्टर किंवा चालू स्थितीतला, तपासलेल्या पाण्याचा हापसा मिळाला तर उकळायची गरज उरत नाही. वाचलेल्या लाकडातून जितका कार्बन डायऑक्साइड निघाला असता तो मोजायचा, टनाला एक क्रेडिट लावायचं आणि ज्या कंपनीला स्वतःच्या उत्सर्जनातून वजावट दाखवायची आहे तिला ते विकायचं. आलेल्या पैशातून पाण्याची सेवा चालवायची. कागदावर सगळ्यांचंच भलं.

आता आकडे घाला. एक लिटर पाणी तापवून काही मिनिटं उकळतं ठेवायला साधारण 0.36 मेगाज्यूल उष्णता लागते. तीन दगडांच्या चुलीत लाकडातली जेमतेम 10 टक्के उष्णता भांड्याला लागते, बाकीची वाऱ्यावर. किलोभर लाकडात 15.6 मेगाज्यूल ऊर्जा धरतात. म्हणजे लिटरमागे पाव किलोला थोडं कमी लाकूड. पाच माणसांचं घर, माणशी चार लिटर, रोजचे 20 लिटर धरले तर वर्षाला दीड-पावणेदोन टन लाकूड आणि त्यातून तीन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड.

इथे पहिली मेख आहे. तोडलेलं जंगल तेवढंच परत वाढत असेल तर त्या धुराला हिशेबात जागा नाही, कारण नवी झाडं तो कार्बन पुन्हा ओढून घेतात. त्यामुळे जळालेल्या लाकडातला परत न वाढणारा वाटा किती, हे ठरवावं लागतं. तो 90 टक्के धरला तर वरच्या घरामागे अडीच टनांहून जास्त क्रेडिट. 30 टक्के धरला तर पुरता एक टनही नाही. घर तेच, पाणी तेच, चूलही तीच. प्रकल्प चालवणाऱ्याने कोणता आकडा उचलला असेल हे सांगायला ज्योतिषी नको. सुधारित चुलींच्या प्रकल्पांत हाच गुणक वापरतात, आणि त्यांच्यावर अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास 2024 मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या शोधपत्रिकेत आला. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांनी खऱ्या बचतीच्या सुमारे नऊपट क्रेडिट घेतली होती. कारणं बरीच होती, हा फुगवलेला वाटा त्यातलं एक मोठं. पाण्यावाल्यांनी ‘आमचं वेगळं आहे’ म्हणू नये.

दुसरी मेख मला जास्त महत्त्वाची वाटते. बऱ्याच अतिशय गरीब घरांत पाणी उकळतच नाहीत. लाकूड मिळवायला अर्धा दिवस जातो, ते स्वयंपाकालाच पुरत नाही. माणसं आहे ते पाणी तसंच पितात. मग तिथे क्लोरीन दिल्यावर वाचलं काय? यावर क्रेडिट मोजायच्या नियमात सोय आहे, तिला दबलेली मागणी म्हणतात. ऐपत असती तर या लोकांनी पाणी उकळलं असतं, तेव्हा ते उकळत होते असं समजा आणि त्या न पेटलेल्या चुलीचा धूर मोजा.

या नियमाची टिंगल करणं सोपं आहे, पण त्यामागचा न्याय मला पटतो. जो आधीच जास्त जाळतो त्यालाच पैसे द्यायचे म्हटलं तर ज्याच्याकडे जाळायलाही काही नाही तो कायमचा रांगेबाहेर. गरिबीची शिक्षा दोनदा कशाला? माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. ते क्रेडिट एखादी विमान कंपनी घेते आणि आपल्या धुरातून वजा करते. तिचा धूर खरोखर आकाशात गेलेला असतो. इकडचं लाकूड कधी जळणारच नव्हतं. न निघालेल्या धुरातून निघालेला धूर वजा करून हवेत काही कमी होत नाही. गावाला मदत झाली हे खरं, हवामानाला झाली हे खोटं, आणि दोन्ही एकाच पावतीवर छापलेलं.

तर माझं म्हणणं असं, की पैसे घ्यावेत आणि पावती बदलावी. ‘आम्ही इतक्या लोकांच्या पाण्याचा वर्षभराचा खर्च उचलला’ एवढंच कंपनीने लिहावं, वजावट मागू नये. यावर लगेच उत्तर येतं की मग कंपन्या पैसे देणार नाहीत, किंवा फार कमी देतील. बरोबर आहे, कमी देतील. मला ते चालेल, कारण फुगवलेल्या हिशेबावर आलेला पैसा हिशेब फुटला की एका वर्षात आटतो. स्वेच्छेच्या कार्बन बाजारात, म्हणजे जिथे कंपन्या कायद्याची सक्ती नसताना क्रेडिट घेतात तिथे, 2021 मध्ये सुमारे दोन अब्ज डॉलरची उलाढाल झाली आणि 2023 येईपर्यंत ती निम्म्याच्याही खाली आली. मधल्या काळात जंगल तोडीपासून वाचवल्याबद्दल दिलेल्या क्रेडिटांवर एकामागून एक लफडी बाहेर आली होती.

मग सगळं सोडून द्यावं का? नाही, आणि त्याचं कारण हापशाच्या पोटात आहे. भारतात घडलेला मार्क टू हापसा आज आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत दिसतो. तो सहसा मोठ्या कारणाने बंद पडत नाही. खाली सिलिंडरमधला वायसर झिजतो, दांडा मारून मारून हात दुखतात आणि तोटीतून नुसती हवा येते. वायसर स्वस्त असतो. पण तो बदलायचा तर पाइप एकेक करून वर ओढावे लागतात, त्याला घोडी लागते, पान्हे लागतात, चार माणसं लागतात आणि हे काम येणारा एक जण लागतो. तो दुसऱ्या गावात असतो, त्याचा पगार कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. नव्या बोअरला देणगीदार मिळतो, फीत कापायला पुढारी मिळतो. वायसरचं उद्घाटन होत नाही. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत कुठल्याही दिवशी अंदाजे चारातला एक हापसा बंद असतो तो यामुळे.

दुरुस्तीची घडी बसली तर काय होतं याचं उदाहरण केनियातल्या किटुईत आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तिथल्या हापशांच्या दांड्यात मोबाइलवरून खबर देणारं छोटं यंत्र बसवलं. दांडा हलायचा थांबला की दुरुस्तीवाल्यांना कळायचं. आधी दुरुस्तीला सरासरी 27 दिवस लागत, ते तीन दिवसांच्या आत आले. तीन दिवस बाई कुठूनतरी पाणी भागवते. 27 दिवसांत घर पुन्हा ओढ्यावर जातं.

कार्बनच्या पैशाचा मला आवडणारा गुण इथेच उपयोगी पडतो. देणगीत पैसा आधी येतो आणि अहवाल नंतर, अहवालात सगळं छान असतं. क्रेडिटमध्ये पाणी आधी, मोजणी मग, पैसा सर्वात शेवटी, आणि तेही दरवर्षी नव्याने. यंदा हापसा चालला नाही तर यंदा क्रेडिट नाही. निदान नियम तरी असा आहे. हा नियम ढिला सोडला की काय होतं तेही केनियानेच बघितलं. 2011 मध्ये देशाच्या पश्चिम भागात एका कंपनीने कार्बनच्या भरवशावर जवळपास नऊ लाख फिल्टर फुकट वाटले. दोन-तीन वर्षांनी स्वतंत्र संशोधक घरोघर गेले तर पाचातलं एक घर जेमतेम ते वापरत होतं.

याच्या उलट, विहिरीजवळ खांबावर बसवलेली क्लोरीनची टाकी. केनिया, युगांडा, मलावीत त्या बसवल्या गेल्या आणि कार्बनचा पैसा तिथेही वापरला गेला आहे. कॅन भरायच्या आधी चावी फिरवायची, मोजका डोस कॅनमध्ये पडतो, घरी पोचून अर्धा तास झाला की पाणी प्यायला तयार. तपासणीस आला तर ‘वापरता का हो?’ एवढं विचारून त्याने भागवू नये. त्याने घरातल्या हंड्यातलं पाणी नळीत घ्यावं, रसायन टाकावं आणि क्लोरीन असेल तर येणारा रंग येतो का ते बघावं. रंग खोटं बोलत नाही, माणसं पाहुण्याचं मन राखायला बोलतात. पाणी शुद्ध केल्याने लहान मुलांचे मृत्यू सुमारे पाव हिश्शाने घटतात, असं 2019 चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी मायकल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच चाचण्या एकत्र करून मांडलं आहे. हे असं फळ दिसत असताना खरेदीदाराला धूर कशाला विकायचा, हे मला खरंच समजत नाही. पाणी आलेले दिवस विका, निर्जंतुक निघालेले नमुने विका.

कुणी संस्था, कुणी पाणी समिती अशा कराराच्या तयारीत असेल तर माझी एक विनंती. क्रेडिट किती मिळणार हे विचारायच्या आधी शेवटची पानं उलटा. भाव पडला तर त्या वर्षी दुरुस्तीवाल्याचा पगार, वायसर आणि क्लोरीन कुणाच्या खिशातून येणार, हे तिथे लिहिलेलं असायला हवं. दोन वर्षांचा खर्च वेगळ्या खात्यात आधी जमा करून घ्या, किंवा सरकारकडून तेवढी हमी लेखी घ्या. घरपट्टीसारखी थोडी पाणीपट्टी चालू असेल तर ती कार्बनचा पैसा आला म्हणून बंद करू नका, पुन्हा सुरू करणं महाकठीण असतं. आणि खरेदीदार ‘भावाची जोखीम गावाने घ्यावी’ म्हणाला, तर सही न करता उठा.