विमान कुठे लावायचं?

आमच्या घरात गेले सात महिने एक जॉयस्टिक आहे. विमान नाही.

खरं विमान कुणाच्याच घरात नसतं, एवढं मलाही कळतं. पण ही जॉयस्टिक ज्याला जोडून खोटं विमान उडवायचं, ते यंत्रही घरात नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातला प्रकार. ऑफिसातल्या एकाचा मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, खोली आवरताना ही सापडली, "घेतोस का?" म्हणाला, मी दीड हजाराला घेतली. आईने ती हातात धरून दांडा पुढेमागे करून पाहिला आणि विचारलं, "हा गिअर कुठल्या गाडीचा रे?"

"विमानाचा."

"बरं," म्हणून तिने ती टीव्हीखालच्या कप्प्यात, दिवाळीच्या माळांच्या शेजारी ठेवून दिली.

खूळ जुनं आहे. माझं बालपण कुर्ल्याला, जरीमरीच्या बाजूच्या चाळीत गेलं. मुंबई विमानतळाच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरणारं प्रत्येक विमान आमच्या कौलांवरून जायचं. इतकं खालून, की चाकं मोजता येत. विमान आलं की चाळीत बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबे, आणि आवाज ओसरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करी. आमच्याकडे भांडणंसुद्धा अशी हप्त्याहप्त्याने होत. पाहुण्यांना वाटे, ही माणसं फार विचार करून बोलतात.

पुढे १९९४ साली कॉम्प्युटर क्लासमध्ये सर जेवायला गेले की आम्ही फ्लॉपी टाकून फ्लाइट सिम्युलेटर लावायचो. त्यातलं विमान कायम शिकागोच्या मेग्ज फील्डवर उभं असे. मी तोवर दादरलाही एकटा गेलो नव्हतो, पण मिशिगन सरोवरात किमान चाळीस वेळा बुडालो होतो. ते विमानतळ आता नाही. ३० मार्च २००३ च्या रात्री शिकागोच्या महापौरांनी बुलडोझर पाठवून धावपट्टीवर भल्यामोठ्या फुल्या खोदून टाकल्या. ती बातमी वाचून मला आमची शाळा पाडल्यासारखं वाटलं होतं.

तर आता सत्तेचाळिसाव्या वर्षी, गृहकर्जाचे हप्ते आटोक्यात आल्यावर, मी ठरवलं की पुन्हा उडायचं. माझी इच्छा माफक आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. तो प्रवास मला आमच्या हॉलमध्ये बसून करायचा आहे. त्यांना पस मॉथ नावाचं एक छोटं विमान लागलं. मला एक निर्णय लागणार होता: कन्सोल, म्हणजे टीव्हीला लावायचा खेळाचा डबा, की पीसी, म्हणजे टेबलावरचा कॉम्प्युटर?

हा प्रश्न मी चुकून दोन माणसांना एकाच आठवड्यात विचारला.

पहिला माझा भाचा. तो पीसीपंथी. "मामा, कन्सोल म्हणजे मेस. पानात पडेल ते खायचं. पीसी म्हणजे स्वतःचं स्वयंपाकघर." कन्सोलवर जोडसामान घ्यायचं तर खेळातल्याच दुकानातून, आणि लोकांनी हौसेने बनवून फुकट वाटलेली विमानतळं, विमानं तिथे चालत नाहीत, हे त्याने मला तीन वेळा सांगितलं. एक्स-प्लेन नावाचं दुसरं सिम्युलेटर तर कन्सोलवर मिळतच नाही. शिवाय व्हॅटसिम. जगभरचे हौशी लोक खऱ्या कंट्रोलरसारखे कानाला हेडफोन लावून बसतात आणि तुम्ही त्यांच्याशी खऱ्या पायलटसारखं इंग्रजीत बोलायचं. तेही फक्त पीसीवर. मला कस्टमर केअरला तक्रार सांगतानाही घाम फुटतो, तेव्हा हा मुद्दा मी मनातल्या मनात कन्सोलच्या बाजूने लिहून घेतला.

दुसरा ऑफिसातला मित्र. ठाण्याला राहतो, कन्सोलवाला. त्याचं म्हणणं एका वाक्यात संपतं: "बटण दाबायचं, उडायचं." मायक्रोसॉफ्टचा हा फ्लाइट सिम्युलेटर निघाला १९८२ साली आणि एक्सबॉक्स या त्यांच्याच कन्सोलवर आला २७ जुलै २०२१ ला. म्हणजे जवळजवळ चार दशकं पीसीवाल्यांनी हे आकाश वतनासारखं सांभाळलं, असं तो म्हणतो, आणि म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर कूळकायदा लागू झाल्याचं समाधान असतं. मी जरा कन्सोलकडे झुकतोय असं दिसलं, तोच डिसेंबर २०२५ मध्ये खेळाची नवी आवृत्ती प्लेस्टेशन या दुसऱ्या कन्सोलवरही आली. म्हणजे आता 'कन्सोल की पीसी' च्या पोटात 'कोणता कन्सोल' हा उपप्रश्न. आयकर विवरणपत्रात असतात तसा.

भाच्याने मला लॅमिंग्टन रोडला नेलं. कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव विचाराल तर ग्रँट रोड स्टेशनबाहेरचा टॅक्सीवालाही आधी आकाशाकडे बघतो. पहिल्या मजल्यावरच्या एका गाळ्यात आम्ही शिरलो. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "गेमिंग की एडिटिंग?"

"विमान," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. मग कोटेशन लिहायला घेतलं. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट, कूलर. भाचा प्रत्येक ओळीला "हे नको, बॉटलनेक होईल" म्हणायचा आणि दुकानदार ती खोडून त्याहून महाग ओळ लिहायचा. लग्नाच्या याद्या अशाच होतात, फक्त तिथे मुलीचा बाप गप्प असतो. इथे मी होतो. नव्या, २०२४ च्या आवृत्तीसाठी 'आदर्श' म्हणून सांगितलेली रॅम ६४ जीबी. १९८२ ची पहिली आवृत्ती ६४ केबीवर उडायची. म्हणजे दहा लाख पटींचा फरक, आणि मी बुडतो तेवढाच. आमच्या बँकेच्या शाखेत आठ जीबीवर अख्ख्या गावाच्या ठेवी चालतात, असं मी दुकानदाराला सांगितलं. त्याने सहानुभूतीने पाहिलं आणि विचारलं, "विथ बिल की विदाउट?"

एकूण एक लाख अठरा हजार. मॉनिटर वेगळा. कॅबिनेटच्या आत रंग बदलणारे दिवे मात्र फुकट. ते दिवे नकोत म्हटलं तर बिनदिव्याचं कॅबिनेट दोन हजारांनी महाग निघालं. आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या मखराला गेल्या वर्षी इतके रंग नव्हते.

घरी येऊन कागद बायकोपुढे ठेवला. ती जीएसटीची कामं करते, त्यामुळे तिला आकड्यांनी घेरी येत नाही. तिने कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली, मग शिलाईच्या डब्यातली टेप काढली आणि हॉल मोजायला लागली.

"हे ठेवणार कुठे?"

हा प्रश्न ना भाच्याने विचारला होता, ना मित्राने, ना मी पाहिलेल्या दोनशे व्हिडिओंतल्या एकाही गोऱ्या माणसाने. त्या सगळ्यांकडे बहुधा तळघर असतं. आमच्याकडे डोंबिवली पूर्वेला वन बीएचके आहे. टेबल चार फुटांचं, खुर्ची मागे सरकायला अडीच फूट. हॉलची एक भिंत सोफ्याची, दुसरी टीव्हीची, तिसरीत बाल्कनीचं दार, चौथीवर देवघर आणि त्याखाली आईचा दिवाण. "टेबल आलं तर आईंनी स्वयंपाकघरात झोपायचं, की तू विमानात?" टेप गुंडाळत ती म्हणाली, "चारकोपच्या त्या अमोल यादवांनी बिल्डिंगच्या गच्चीवर सहा माणसांचं खरं विमान बांधलं. त्यांनी आधी जागा बघितली असेल ना?"

मग उरला कन्सोल. तो टीव्हीला लागतो, टेबल नको. पण टीव्ही आईचा. म्हणजे विकत मी घेतला, पण संध्याकाळी सात ते दहा त्यावर ओळीने सहा मालिका उतरतात, एकीमागून एक, मध्ये तीन मिनिटांचं अंतर. मुंबई विमानतळावर स्लॉट मिळत नाही म्हणून कंपन्या रडतात. त्यांनी एकदा आमच्या आईशी बोलणी करून पाहावीत.

तेव्हा मी म्हटलं, आधी उडून तर बघू. एका रविवारी ठाण्याला मित्राकडे गेलो. पंचावन्न इंची टीव्ही, गुबगुबीत सोफा, हातात तो पेरूएवढा कंट्रोलर. मी हट्टाने जुहूहून सेस्ना १७२ हे छोटं विमान घेतलं. हिरवं बटण दाबलं की इंजिन जोर धरतं, डाव्या अंगठ्याखालच्या बोंडाने नाक वरखाली, मागचे दोन चाप म्हणजे रडर, शेपटीचं सुकाणू. पंचावन्न नॉट्सला हलकेच मागे ओढायचं. हलकेच! माझा अंगठा तीस वर्षं कॅल्क्युलेटरवर घडलेला, त्याला हलकेच माहीत नाही. त्या बोंडाचा अख्खा प्रवास अर्ध्या इंचाचा, त्यात आख्खं आकाश बसवलेलं. सेस्ना ताडकन उभं राहिलं आणि पिपाणी वाजायला लागली.

ही पिपाणी म्हणजे अलंकार नव्हे. सेस्नाच्या डाव्या पंखाच्या कडेला एक भोक असतं. विमान फार नाक वर करून मंदावलं की त्या भोकातून हवा उलटी शोषली जाते आणि आतली पत्ती वाजते. वीज नाही, संगणक नाही. जत्रेतल्या पिपाणीचंच तत्त्व. खऱ्या विमानात जीव जाण्याआधी जो आवाज येतो तो इतका पोरकट असावा, याचं मला फार नवल वाटलं. ते वाटेपर्यंत मी जुहू चौपाटीवर होतो. भेळवाल्यांच्या बरोबर मध्ये.

दुसऱ्या खेपेला सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून मी परत जुहूच्याच धावपट्टीवर उतरलो आणि कुंपणाबाहेर गेलो. मित्र हसायला लागला. मी त्याला सांगितलं की १९७२ साली एका जपानी डीसी-८ च्या कप्तानाने खऱ्या विमानानिशी, खऱ्या प्रवाशांनिशी, अगदी हीच चूक केली होती. त्याच्याकडे तर इतका मोठा टीव्हीही नव्हता.

जॉयस्टिक असती तर हात बसला असता, असं मला वाटलं. ती मी पिशवीत घालून नेलीही होती. वायर कन्सोलला लावली. काही नाही. परत लावली, फुंकर मारून लावली. मित्राने खालचा स्टिकर वाचला. ती फक्त पीसीवर चालते. कन्सोलला चालणारी वेगळी मिळते, तिच्यावर एक्सबॉक्सचा शिक्का लागतो आणि प्लेस्टेशनला तिसरी. दांडा तोच, बटणं तीच, पण सोयरिक आपापल्या कुळातच.

भाच्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "बघ मामा, तुझ्याकडे जॉयस्टिक आहेच, आता फक्त पीसी घे." दीड हजाराच्या दांड्यासाठी सव्वा लाखाचं लग्न.

शेवटी निर्णय मी घेतलाच नाही. मित्राने वरचं मॉडेल घेतलं आणि जुना एक्सबॉक्स सिरीज एस माझ्या गळ्यात मारला, चौदा हजारांत. पांढरा चपटा डबा, वर काळी गोल जाळी. आईने विचारलं, "ही शेगडी किती वॅटची?" खेळ उतरवून घ्यायला दोन रात्री गेल्या. तेवढ्यात आईच्या मालिकांच्या नेटवर परिणाम झाला असा आरोप आला, तो मी फेटाळला. तो खरा होता.

स्लॉट मिळाला रात्री सव्वादहाचा, आवाज दहावर. कराचीहून निघावं इतकी रात्र हाताशी नव्हती, म्हणून लोणावळ्याच्या वरून विमान हवेतच घेतलं आणि मुंबईच्या २७ ला निघालो. आई दिवाणावर चष्मा काढून पडली होती. पनवेलची खाडी आली तशी उठून बसली. घाटकोपरला तिने चष्मा लावला.

"कुर्ला दाखवतोस?"

"तिथूनच उतरायचंय."

"ते बघ, तो रस्ता. त्या कोपऱ्यावर पिठाची..." इंजिनाचा आवाज वाढला, आणि आई थांबली. मी धावपट्टीवरचे दिवे बघत होतो तरी ते माझ्या लक्षात आलं. दहाच्या आवाजाला ती थांबली होती. मी जोर कमी केला. "...गिरणी होती," ती म्हणाली.

पडद्यावर गिरणी नव्हती. चाळही नव्हती. आमची खोली अजून आमच्याच नावावर आहे, कुलूप लावलेली. वीस वर्षं पुनर्विकासाच्या सभा होतात, पण जागा विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या उतरायच्या वाटेखाली, इमारतीला उंची मिळत नाही, म्हणून एकही बिल्डर दुसऱ्या सभेला येत नाही. या खेळात मात्र उपग्रहाच्या फोटोंवरून घरं संगणकच अंदाजाने उभी करतो. त्याने कौलांच्या जागी काचेच्या खिडक्यांचा गुळगुळीत टॉवर बांधून टाकला होता. ऐन फनेलमध्ये. एकाही सभासदाची सही न घेता.

आई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. मला धावपट्टी दिसेना.

"झालं की रे आपलं," ती म्हणाली. "आपल्याला कितवा मजला आलाय?"

मी तिच्या कोपराखालून अल्टिमीटर पाहिला. तीनशे फूट.

"सध्या तिसावा," मी म्हटलं.