बागेतला प्रत्येक तपकिरी साप पफ ॲडरचे पिल्लू नसतो

दक्षिण आफ्रिकेत बागेतल्या सापांविषयी एक इशारा या ना त्या रूपात सतत फिरत असतो. त्याचे सार असे: बागेत दिसणारा छोटा तपकिरी साप म्हणजे पफ ॲडर या विषारी सापाचे पिल्लू, तो वेटोळे घालतो तेव्हा चावण्याच्या तयारीत असतो, पिल्लाचे विष मोठ्या सापाहून जहाल असते, म्हणून त्याला तिथेच ठेचावे आणि घराभोवती जंतुनाशक शिंपडावे. या सल्ल्यापायी मारल्या जाणाऱ्या निरुपद्रवी सापांपैकी एक आहे डुबेरिया ल्युट्रिक्स, म्हणजे गोगलगायींवर जगणारा छोटा साप.

आधी ओळखीचे पाहू. पफ ॲडर हा आपल्या घोणसाच्या कुळातला साप असून त्याचे पिल्लू वीतभर असले तरी अंगाने जाड असते. त्याचे रुंद डोके मानेपासून वेगळे उठून दिसते, खवले खरखरीत असतात आणि पाठीवर बाणाच्या टोकांसारखे पट्टे असतात. डुबेरियाचे डोके लहान आणि मानेत मिसळून गेलेले, खवले गुळगुळीत, पाठ विटकरी किंवा तपकिरी आणि कुशी करड्या असतात. पोट फिकट असून त्याच्या दोन्ही कडांना बहुधा गडद ठिपक्यांची रेघ असते. पूर्ण वाढ झालेला साप साधारण 30 ते 40 सेंटिमीटर भरतो. डोळ्याची बाहुली उभी असेल तर साप विषारी आणि गोल असेल तर बिनविषारी समजावा, असेही काही जण सुचवतात; तो सल्ला मात्र घातक आहे, कारण त्याच देशातल्या विषारी नाईट ॲडरची बाहुली गोलच असते. लहान लहान पिल्ले एका जागी सापडली म्हणजे ती पफ ॲडरचीच, हा तर्कही टिकत नाही, कारण डुबेरियाची मादीसुद्धा अंडी न घालता जिवंत पिल्लांना जन्म देते.

वेटोळ्याचा अर्थ तर इशाऱ्यात नेमका उलटा लावला आहे. डिवचला गेलेला डुबेरिया स्वतःला घट्ट गुंडाळून घेतो आणि डोके मधोमध दडवतो; आफ्रिकान्स भाषेतले त्याचे नाव तंबाखूच्या छोट्या वळकटीवरून पडले आहे ते यामुळेच. हल्ला करणारा साप डोके लपवून बसत नाही. हातात धरल्यास हा फार तर दुर्गंधी द्रव सोडतो, चावत जवळजवळ नाहीच, आणि माणसाला अपाय होईल असे विषही त्याच्याकडे नाही. त्याचा सगळा बेत गोगलगायींचा: जिभेने चिकट माग हुंगत जायचे, बिनशंखाची गोगलगाय सरळ गिळायची आणि शंखवाली असेल तर मऊ अंग तोंडात धरून शंखाबाहेर ओढायचे.

पिल्लू मोठ्या सापाहून घातक, या म्हणण्यात तथ्य एवढेच की विषारी सापाचे पिल्लू जन्मतःच विषारी असते. मोठ्या सापाकडे विषाचा साठा कितीतरी अधिक असतो.

घराभोवती कार्बोलिक किंवा फिनाईल शिंपडण्याची रीत आपल्याकडच्या वाचकांनाही ठाऊक आहे. त्या वासाने साप अडतात असा भरवशाचा पुरावा नाही. बेडकांना आणि मातीतल्या जीवांना मात्र ते बाधते. गोगलगायींसाठी टाकल्या जाणाऱ्या मेटाल्डिहाईडच्या गोळ्यांचे प्रकरण जास्त गंभीर आहे. लातूर-बीड भागात 2022च्या खरिपात शंखी गोगलगायींनी सोयाबीन फस्त केले, तेव्हा हे औषध आपल्या शेतकऱ्यांपर्यंतही पोहोचले होते, आणि शेकडो एकरांवरच्या प्रादुर्भावात त्याची गरज समजण्यासारखी आहे. घरामागच्या चार वाफ्यांत मात्र त्याच गोळ्या टाकल्या, तर विष खाल्लेली गोगलगाय या सापाच्या पोटात जाण्याची शक्यता असते, आणि गोगलगायी सगळ्याच मेल्या तर त्याचे खाणे संपते.

राहता राहिला ठेचण्याचा सल्ला. साप खरोखर पफ ॲडर असेल, तर काठी घेऊन त्याच्याजवळ जाणारा माणूस नेमका त्याच्या झेपेच्या पल्ल्यात शिरतो. ओळख पटत नसेल तेव्हा चार-पाच पावले मागे सरावे, मुले आणि कुत्री आत घ्यावीत आणि जाणकार सर्पमित्राला बोलवावे. तो पफ ॲडर असला तरी हेच करायचे, आणि डुबेरिया असला तर एवढीही धावपळ लागत नाही.