पुष्कळांचे सुख, शेजाऱ्याचे शेत

गावात चार लोकांत वजन वाढवायचं असेल तर पुढच्या ग्रामसभेआधी उपयुक्ततावाद शिकून घ्या. फार कठीण नाही. ज्या कृतीने जास्तीत जास्त लोकांना जास्तीत जास्त सुख मिळतं, ती योग्य. हेतू, दिलेला शब्द, घराण्याची रीत यांना स्वतःची अशी किंमत नाही. परिणाम काय, एवढंच बघायचं. टिळकांनी ‘गीतारहस्या’त ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ या कसोटीचा चांगला समाचार घेतला आहे, पण ती पानं उघडायची घाई करू नका. तिथे पांडवांच्या सात आणि कौरवांच्या अकरा अक्षौहिणींचा दाखला आहे. नुसती डोकी मोजायला बसलं की पारडं दुर्योधनाकडे झुकतं, आणि पंचांपैकी कुणीतरी महाभारत वाचलेलं असतंच.

या वादाचा मूळ पुरुष इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथॅम. 1789 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने सुख मोजायची सात मापं दिली: तीव्रता किती, टिकणार किती, मिळण्याची खात्री किती, लवकर की उशिरा, त्यातून आणखी सुख निपजेल का, दुःखाची भेसळ किती, आणि शेवटी, किती माणसांपर्यंत पोचेल.

आता कामाला लागू. समजा तुम्हाला शेत बुजवून दिल्लीच्या पाहुण्यांसाठी स्विमिंग पूलवाला व्हिला बांधायचा आहे. तीव्रता: पाहुणा पूलमध्ये उतरताना ओरडतो ते शेजारच्या वाड्यापर्यंत ऐकू येतं, म्हणजे भरपूर. टिकाऊपणा: शुक्रवार ते रविवार. खात्री: आगाऊ बुकिंग. निपज: रेंट-अ-कारवाला, फिश थाळीवाला, फेणीवाला. भेसळीच्या रकान्यात मात्र थोडं सांभाळा. शेत बुजलं की पावसाचं पाणी वाट बदलतं आणि शेजाऱ्याच्या रांधपघरात शिरतं, ते इथे लिहावं लागतं. अक्षर बारीक काढा. सातव्या मापाला ‘गोव्याचं पर्यटन’ असं भरा. त्या दोन शब्दांनी पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे सगळे तुमच्या पूलमध्ये उतरतात. शेजारी एकटाच बाहेर राहतो, कोरडा नव्हे, पण एकटा.

बेंथॅमचं आणखी एक सूत्र सांगतात: प्रत्येकाला एक धरावं, कुणालाही एकापेक्षा जास्त धरू नये. भाटकार म्हणजे जमीनमालक एक, त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकारही एक. हे पाठ असू द्या, पण मोठ्याने म्हणू नका. शिवाय तो जनावरांचंही दुःख मोजा म्हणतो. म्हणजे शेतातले बगळे, खेकडे, बेडूक सगळे मोजणीला आले. अशाने कुठलाच व्हिला उभा राहायचा नाही.

इथे अडलात तर पुढच्या पिढीतला उपयुक्ततावादी जॉन स्टुअर्ट मिल याच्याकडे वळा. हा 1823 ते 1858 ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता, तेव्हा दुसऱ्यांचं भलं दुरून ठरवण्याचा अनुभव दांडगा. मिल म्हणतो, सुखासुखात दर्जा असतो. तृप्त डुकरापेक्षा अतृप्त माणूस बरा. (आपल्याकडे डुकराची तृप्ती तशीही चर्चच्या फेस्ताच्या आदल्या दिवसापर्यंतच.) शेजाऱ्याची उकड्या तांदळाची पेज खालच्या दर्जाची, पाहुण्यांचा सूर्यास्ताचा योग वरच्या. निवाडा कुणी करायचा? ज्याने दोन्ही सुखं अनुभवलीत त्याने, असं मिल सांगतो. शेजारी कधी पूलमध्ये उतरलाय? नाही. मग त्याचं मत बाद. पाहुण्यांनी पेज प्यायली का, हे विचारायला ग्रामसभेत वेळ नसतो.

सांग्याकडचा कुणी म्हातारा मध्येच उठून कुर्डीचं नाव काढण्याची शक्यता आहे. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं ते गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की वर येतं, आणि उठून गेलेली माणसं देवळातल्या आणि कपेलातल्या (छोट्या चर्चमधल्या) उत्सवाला तिथे परत जमतात. तुम्ही म्हणा, दक्षिण गोव्याच्या नळांना पाणी आलं की नाही? हिशेब जुळला. तो म्हणेल, जुळला असेल, पण जमेची बाजू एकीकडे गेली आणि खर्चाची सगळी आमच्या वाड्यावर आली, त्याचं काय? खरं तर उपयुक्ततावाद्यांना गेली दोनेकशे वर्षं छळणारा प्रश्न हाच. बेरीज बरोबर येते, पण कुणाच्या खिशातून आली ते बेरजेत दिसत नाही. त्याला सांगा, चहा आलाय.

एक खबरदारी. उद्या रस्ता रुंद करायचा ठरला आणि आराखड्यातली रेघ तुमच्याच तुळशीवृंदावनावरून गेली, तर उपयुक्ततावाद त्याच संध्याकाळी सोडा आणि नैसर्गिक हक्क धरा. असल्या हक्कांना बेंथॅम पायांना बांबू बांधून चालणारा मूर्खपणा म्हणत असे. पर्वरीच्या हायकोर्टात तुमचा वकील ते सांगणार नाही. आणि शेजारी ‘पुष्कळांचं सुख’ म्हणत कुंपणापाशी आलाच, तर त्याला स्पष्ट विचारा, ‘बाबा, यात तुझं काय जातंय?’