आबांनी धुतलेल्या प्लेटी

क्लचच्या प्लेटी साबणाच्या पावडरीने धुऊन उन्हात वाळत घालू नयेत, असं कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही. मॅन्युअल लिहिणाऱ्यांच्या शेजारी आमचे आबा राहत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

गाडी यामाहा आरएक्स 100. टू-स्ट्रोक, 98 सीसी. 1985 ला आली, 1996 ला कंपनीने बंद केली, पण तो निरोप तळकोकणात अजून पोचलेला नाही. त्यातही आमची चिखलातली: नॉबी टायर, वर उचललेलं मडगार्ड, आणि आधीच्या मालकाने ऑइल पंप काढून टाकल्यामुळे टाकीतच पेट्रोलमध्ये 2टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं तेल, मिसळायचं. जांभ्याच्या चढणीवर आणि भाताच्या मळ्यात अशा गाडीला अर्ध्या दाबलेल्या क्लचवरच चालवावं लागतं. मग क्लच झिजतो. त्यात गाडीचा काही दोष नाही.

झिजल्याची खूण सोपी. वरच्या गियरमध्ये चढावर थ्रॉटल पिळला की इंजिन बोंबलतं आणि गाडी आहे तिथेच रेंगाळते. पण म्हणून लगेच कव्हर उघडू नये. आधी केबल बघावी. लिव्हरला 2 ते 3 मिलिमीटर ढिलाई नसेल तर नवाकोरा क्लचही घसरतो. मग तेल बघावं. कोणी प्रेमाने कारचं महागडं ऑइल ओतलं असेल, तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या मसाल्याने प्लेटी एकमेकींना धरतच नाहीत. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं असावं, ती मोटरसायकलच्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण. ‘एमबी’ असलेलं स्कूटरवाल्यांना द्यावं. हे दोन्ही ठीक असूनही घसरत असेल, तरच पाने काढायचे.

आणि इथे खाऱ्या हवेचा प्रसाद मिळतो. ॲल्युमिनियमच्या कव्हरमध्ये लोखंडी स्क्रू, वर समुद्राचं वारं. दोन्ही धातू एकमेकांना असे धरून बसतात की साध्या स्क्रू-ड्रायव्हरने स्क्रूचं डोकंच गुळगुळीत होतं. हातोडी मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यावा, आदल्या रात्री रस्ट रिमूव्हर मारून ठेवावं. स्क्रूंची लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी टोचावा. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की आत काहीतरी फुटतं, आणि त्याचा आवाज खिशात ऐकू येतो.

किक आणि कव्हर दोन्ही उजव्या बाजूला. गियर ऑइल काढायचं, किक काढायची, ब्रेक पेडल आड येत असेल तर खाली करायचं. पंप असलेल्या गाडीत तो कव्हरासोबतच येतो. त्याच्या नळ्या बंद कराव्या लागतात आणि बसवताना हवा काढावी लागते. ही हवा काढायची राहिली तर पिस्टन कोरडा चालतो, आणि मग क्लचचा विषयच उरत नाही.

नव्या प्लेटी आदल्या रात्रीच गियर ऑइलच्या ताटात भिजत घातल्या होत्या. सकाळी आबा आले. निवृत्त एसटी चालक. सगळी हयात फोंडा आणि आंबोली घाटात गेलेली. पडवीच्या कठड्यावर बसले, पान जुळवलं आणि ताटाकडे बघितलं.

“काय रे, ह्या काय भिजत घातलंस? कुळीथ?”

“क्लच प्लेटी, आबा.”

“तेलात?”

“तेलातच घालूची असतत.”

आबांनी पान तोंडात घालायचं थांबवलं. “मेल्या, क्लचाक तेल? क्लचार तेलाचो थेंब पडलो तर घाटात गाडी उभी रवता. आमच्या डेपोत त्येच्यार मेकॅनिकाक शिये पडत.”

आबांचं म्हणणं एसटीपुरतं शंभर टक्के खरं आहे. बसचा क्लच सुका. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये एक मोठी चकती. तिच्यावर इंजिनचं तेल गळलं की पकड गेली. मोटरसायकलचा क्लच ओला. छोट्या छोट्या प्लेटींची चळत, एक लायनिंगची (म्हणजे पकड धरणारं अस्तर लावलेली), एक स्टीलची, पुन्हा लायनिंगची, आणि ती सगळी गियर ऑइलमध्येच फिरते. लायनिंग त्याच तेलासाठी बनवलेलं असतं. तेल उष्णता वाहून नेतं, म्हणून एवढ्याशा डब्यात चळत जळत नाही. कोरडी प्लेट बसवून गाडी सुरू केली तर तेल आत मुरेपर्यंत लायनिंग काळं पडतं, वरून काचेसारखं गुळगुळीत होतं आणि घसरायला लागतं, म्हणजे ज्यासाठी कव्हर उघडलं तेच.

हे सगळं मी आबांना समजावलं. हातवारे करून, ताटातली प्लेट उचलून. आबांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, पिंक टाकली.

कव्हराचं कागदी पॅकिंग आणायला बाजारात गेलो. परत येतो तर खळ्यात, चटईवर, सुकत घातलेल्या आमसुलांच्या शेजारी माझ्या प्लेटी ओळीने मांडलेल्या. कोरड्या ठणठणीत. काथ्याने घासलेल्या. पलीकडे बादलीत साबणाचा फेस.

“धुतलंय रे सगळ्यो,” आबा म्हणाले. “तू तेल लावन घसरवणार होतंस. उपकार मान.”

“आबा, मी सांगलंय ना तुमका…”

“सांगलंस. पण मी गाडी चलवलंय.”

यावर बोलण्यासारखं काही नसतं. एव्हाना शेजारचे दोघे येऊन उभे होते आणि दोघेही आबांच्या बाजूचे. मोटरसायकल उघडी पडलेली दिसली की वाडीतला प्रत्येक माणूस तज्ज्ञ होतो. पाना कोण धरून बसलाय याला काडीची किंमत नाही. एकाने तर “गॅरेजात दिली आसतंस तर एवढा नसता झाला” असंही सुनावलं, जणू साबण गॅरेजवाल्याने लावला होता.

आता साबण लागलेल्या प्लेटींचं काय करायचं, तेही सांगतो. कुणाकडे आबा असतील त्यांना उपयोगी पडेल. स्टीलच्या प्लेटींवर तासाभरात तांबूस गंज धरतो, मे महिन्यातल्या दमट हवेत त्याहूनही लवकर. सपाट काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून गोल फिरवत तो उतरवायचा. मग तीच काच वापरून प्लेट वाकडी आहे का तेही बघायचं: 0.05 मिलिमीटरचं फीलर पातं (फट मोजायची पातळ पट्टी) खाली शिरलं तर प्लेट गेली. लायनिंगच्या प्लेटी साध्या पाण्याने खळखळून, साबण पुरता काढून, सावलीत वाळवायच्या. कडेला लायनिंग सुटलंय का नखाने चाचपायचं. सुटलं नसेल तर पुन्हा तेलात, पुन्हा रात्रभर. एक दिवस गेला. आमसुलांना तेलाचा वास लागला तो वेगळाच, आणि त्याबद्दल बोलणी आम्हीच खाल्ली.

प्लेटी फेकून नव्या आणा म्हणणं सोपं आहे. या गाडीचं वेड लागल्यापासून मिळेल तो भाग ‘ओरिजिनल’ म्हणून विकला जातो. खोक्यावर होलोग्राम चकचकीत, आत लायनिंग बोटाने खरवडलं तर सुटतं. स्प्रिंगा एका सेटमधल्या एकसारख्या लांबीच्या नाहीत. दुकानदाराला मोजायचा व्हर्नियर दाखवला की तो हसतो. चिडचिड होते ती इथे. आबा निदान फुकट धुतात.

जोडणी तशी सरळ. हाउसिंगच्या, म्हणजे प्लेटी ज्या डब्यात बसतात त्याच्या, बोटांवर जुन्या प्लेटींनी खाचा पाडल्या असतील तर बारीक कानशीने गुळगुळीत कराव्या, नाहीतर नव्या प्लेटी त्यात अडकतात आणि क्लच दाबूनही गाडी पुढे सरकते. खाचा खोल असतील तर हाउसिंगच बदलायला हवं. पहिली आणि शेवटची प्लेट लायनिंगची. पुशरॉडची (प्रेशर प्लेट ढकलणाऱ्या दांडीची) इवलीशी स्टीलची गोळी जागेवरच राहील याची खात्री करावी. घरात कोंबड्या असतील तर विशेष. स्प्रिंगांचे बोल्ट आमनेसामने, थोडे थोडे आवळायचे. जोर केला तर ॲल्युमिनियमचे आटे उतरतात. कव्हर लावण्याआधी लिव्हर दाबून प्रेशर प्लेट सगळीकडून सारखी उठते का बघावं. आणि उघडलंच आहे तर क्रँकचं उजवं सील बघून घ्यावं. ते गेलं असेल तर इंजिन गियर ऑइल ओढून जाळतं आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट निघतो; लोक मात्र पिस्टनला दोष देत बसतात.

पॅकिंग, कव्हर, किक, साधारण 650 मिली तेल, केबलची ढिलाई. गाडी दुसऱ्या किकला सुरू. आबा न विचारताच मागे बसले.

घाटीच्या चढावर प्रत्येक गियरला कानात सूचना: “डबल क्लच मार. न्यूट्रलात येवन परत दाब.” जुन्या बसगाड्यांच्या गियरबॉक्सला ते लागायचं, या चार गियरच्या खोक्याला नाही. सांगितलं नाही. क्लच पक्का धरत होता, आणि त्याचं श्रेय कुणाला जाणार हे वर पोचायच्या आतच ठरलेलं होतं.

माथ्यावरून उतार लागला. थ्रॉटल बंद.

“आता न्यूट्रल कर,” आबा म्हणाले. “डिझल वाचता.”

“पेट्रोल असा, आबा.”

“मगे तर जास्तच वाचता.”

पेट्रोलमध्येच तेल मिसळलेल्या टू-स्ट्रोकला लांब उतारावर थ्रॉटल बंद करून गियरमध्ये सोडलं, तर पेट्रोल जात नाही आणि त्याच्याबरोबरचं तेलही जात नाही. चाक मात्र पिस्टनला कोरडा फिरवत राहतं. क्लच दाबावा, किंवा मधे मधे थ्रॉटल हलकासा उघडावा. म्हणजे आबा बरोबर होते, आणि कारण साफ चूक होतं. मी न्यूट्रल केलं नाही, क्लच दाबला.

“बघ,” आबा म्हणाले, “शिकतलंस हळूहळू.”