पाच हजारांखालचा मेकॅनिकल कीबोर्ड म्हणजे कचरा?

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तिघांनी पाठवला. पहिला मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्प्रिंगचा स्विच असलेला कीबोर्ड, घेणाऱ्यांसाठी सल्ला म्हणून तो फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाच हजारांच्या खालचा माल कचरा असतो, टायपिंगला ब्लू (कटकट वाजणारा) स्विचच लागतो, पैसे कमी असतील तर 61 बटणांचा छोटा घ्या, मेकॅनिकलवर स्पीड आपोआप वाढतो, आणि हॉट-स्वॅप (स्विच सोल्डर न करता काढता-घालता येण्याची सोय) म्हणजे उगाच खर्च.

मी सांगलीत विश्रामबागला मराठी टायपिंगची कामं करतो. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, अधूनमधून एखादा प्रबंध. टायपिंग क्लासमधून नुकती बाहेर पडलेली मुलं पहिल्या कमाईतून कीबोर्ड घ्यायला निघतात आणि हा मेसेज पुढे करून विचारतात, "दादा, हे खरं का?" त्यातलं बहुतेक खरं नाही.

आधी किंमत. चेरी या जर्मन कंपनीच्या एमएक्स स्विचचं पेटंट 2014 च्या सुमाराला संपलं आणि गेटरॉन, आउटेमू अशा चिनी कंपन्यांचे त्याच रचनेचे स्विच बाजारात भरपूर आले. म्हणून आज दोन-अडीच हजारांत खरा मेकॅनिकल कीबोर्ड मिळतो. दिवे, वायरलेस, अॅल्युमिनियमची बॉडी यांचे पैसे वेगळे, आणि टायपिंगला त्यातलं काहीच लागत नाही. शिवाय टीव्हीएस गोल्ड आठवा. बँकेच्या काउंटरवर, बिलिंगच्या टेबलावर खडखड वाजणारा तो मळकट कीबोर्ड मेकॅनिकलच होता, आणि वर्षानुवर्षं त्यात चेरीचेच स्विच असायचे.

ब्लूबद्दल मेसेज अर्धं खरं सांगतो. बटण हळू दाबत न्या, साधारण दोन मिलिमीटरवर बोटाला खटका लागतो आणि 'कट्' वाजतं. अक्षर उमटलं हे बोटाला आणि कानाला दोन्हीकडून कळतं, नवशिक्याला ते आवडतं. पण चेरीच्या ब्लूला त्या खटक्यापाशी साधारण 60 ग्रॅम जोर लागतो, खटका नसलेल्या लाल स्विचला 45. दिवसाला वीस पानं काढणाऱ्या करंगळीला हा फरक संध्याकाळी जाणवतो. आणि आवाज. आपली घरं दोन-तीन खोल्यांची. रात्री अकराला खरेदीखत पुरं करायचंय, पलीकडे वडील झोपलेत, तिथे ब्लू चालत नाही. खटका हवा पण आवाज नको तर ब्राउन घ्या. खटक्याचीही गरज नसेल तर लाल.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला 61 बटणांचा आहे. इंग्रजी टाइप करणाऱ्याचं त्यात भागत असेल. आपल्याकडे आजही कितीतरी कामं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये चालतात, आणि कृतिदेवमध्ये काही अक्षरं ऑल्ट धरून आकडे दाबल्याशिवाय येत नाहीत. 'क्र' घ्या. ऑल्ट दाबून ठेवायचं, उजवीकडच्या नंबरपॅडवर 0216, मग ऑल्ट सोडायचं. वरच्या ओळीतल्या आकड्यांनी हे होत नाही, नंबरपॅडच लागतो. आता एखादं वाटणीपत्र डोळ्यांसमोर आणा: अ. क्र., गट क्र., फेरफार क्र., दस्त क्र. पानापानावर 'क्र'. एका मुलीने मेसेज वाचून 61 चा घेतला आणि पहिल्याच दिवशी जुन्या फाइलमधून 'क्र' कॉपी करून चिकटवत बसली. बाणांची बटणंसुद्धा त्यावर एफएन दाबल्याशिवाय नाहीत, म्हणजे तक्त्यात एक ओळ खाली जायलाही दोन बोटं. कृतिदेववाल्यांनी नंबरपॅडसकटचा 104 बटणांचाच घ्यावा. युनिकोडमध्ये इनस्क्रिप्ट ही बटणांची मांडणी वापरत असाल तर नंबरपॅड नसलेला 87 चा पुरतो. तिथे शिफ्ट 7 ला क्ष, शिफ्ट 5 ला ज्ञ, बॅकस्लॅशला 'डॉक्टर'मधला ॉ. नंबरपॅडचा संबंधच येत नाही.

स्पीडचं म्हणाल तर तो सरावाने वाढतो. साध्या रबरी कीबोर्डवर बटण जवळजवळ तळाला टेकल्यावर अक्षर येतं, मेकॅनिकलवर चार मिलिमीटरच्या निम्म्यातच. त्यामुळे बोटं कमी दमतात. मात्र ही सवय लागेपर्यंत आठवडाभर चुका उलट वाढतात. जीसीसी-टीबीसी या सरकारी टायपिंग परीक्षेला बसणाऱ्यांनी तर केंद्रावर असतो तसल्या साध्या कीबोर्डवरचा सराव सोडूच नये.

राहिला हॉट-स्वॅप. पुण्या-मुंबईत दुरुस्त करणारा सापडेल. आमच्याकडे एका स्विचसाठी गणपती पेठेत अर्धा दिवस हिंडावं लागतं, आणि तेवढ्यात पक्षकार दारात येऊन उभा राहतो. म्हणून चार-पाचशे जास्त गेले तरी ही सोय घ्या. फक्त सॉकेट तीन पिनांच्या स्विचचा की पाच पिनांच्या, हे आधी विचारा. गेल्या दिवाळीआधी माझ्या कीबोर्डचा 'क' एका दाबात दोनदा उमटायला लागला. सोबत आलेल्या चिमट्याने तो स्विच उपटला, कधीच न लागणाऱ्या स्क्रोल लॉकचा काढून तिथे बसवला आणि अर्धवट राहिलेलं खरेदीखत पुढे सुरू केलं.