रोज एक चित्र, सोमवारपासून

रोज अर्धा तास ड्रॉइंगची प्रॅक्टिस करायची असं मी ठरवलंय. ठरवण्यात माझा कुणी हात धरू शकणार नाही, ते मी अगदी नियमित करतो, दर एक जानेवारीला, दर गुढीपाडव्याला, आणि मधे एखादा सोमवार बरा दिसला तर त्या दिवशीही.

म्हणजे मी अगदीच नवखा नाहीये हां. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही दिल्यात, सरकारी सर्टिफिकेट आहे घरात, बी ग्रेड. स्मरणचित्राला 'आठवडी बाजार' आला होता. माणसाचे चेहरे, हात आणि पाय सोडले तर मला बाकी सगळं यायचं, त्यामुळे माझ्या बाजारातली सगळी गिऱ्हाईकं पाठमोरी, सगळ्यांचे हात पिशवीत आणि भर बाजारात गुडघाभर गवत. तरी बी ग्रेड दिली, परीक्षक देवमाणूस असणार. पण त्या सर्टिफिकेटमुळे झालंय काय, की आई अजून आल्यागेल्याला सांगते, "हा लहानपणी काय सुंदर चित्रं काढायचा!" मग पाहुणे म्हणतात, "आता का नाही काढत?" आणि मी चहा आणायला आत जातो.

प्रॅक्टिससाठी आधी मूड लागतो, आणि मूडसाठी सामान. म्हणून टू एचपासून एट बीपर्यंत पेन्सिली आणल्या, ते कणकेसारखं मळायचं रबर आणलं (ते आता मुलीकडे आहे, त्याचे तिने गणपती केलेत), आणि २०० जीएसएमचं, म्हणजे चांगल्या जाड कागदाचं स्केचबुक. इतका सुंदर कागद की त्यावर माझं चित्र काढायला हात धजावेना. पहिलं पान कोरं सोडलं, तिथे चांगलं चित्र काढू म्हणून. मग दुसरंही सोडलं, कारण ते पहिल्याच्या समोरच येतं.

मग मोटिव्हेशन. रात्री जेवण झालं की मी ड्रॉइंगचे व्हिडिओ बघतो, गोरा हात, लाकडी टेबल, मागे पियानो, आणि सरसर सरसर घोडा तयार. बघून इतकं समाधान होतं की आपणच काढला असं वाटून झोप लागते. अशातच कुठेतरी वाचलं की जपानचा होकुसाई, तो लाटेच्या चित्रासाठी जगभर माहीत असलेला, म्हणून गेलाय की सत्तरीच्या आधी मी जे काढलं त्यात दखल घेण्यासारखं काही नाही, त्र्याहत्तराव्या वर्षी कुठे पशुपक्षी, किडे यांची ठेवण थोडीफार कळली. मला एकदम हलकं वाटलं. सत्तरीला अजून भरपूर वेळ आहे म्हणून मी स्केचबुक कपाटात ठेवून दिलं. तर बायकोने तेच पुढे वाचलं. "अरे, यातच लिहिलंय ना, तो सहाव्या वर्षापासून काढत होता." काही माणसांना सगळं शेवटपर्यंत वाचायची वाईट खोड असते.

शेवटी एका रविवारी बसलोच. टेबलावर पितळी तांब्या, शेजारी दोन केळी, मागे आईची शाल. तांब्या दिसायला गरीब, काढायला महाबिलंदर. त्याचं तोंड गोल असलं तरी समोर बसून चपटं लंबगोल दिसतं, आणि बुडाची कड त्याहून जास्त वळते, कारण ती नजरेच्या पातळीपासून आणखी खाली असते. पण डोक्याला माहीत असतं ना, तांब्या टेबलावर सपाट बसलाय, म्हणून हात खाली सरळ रेघ मारून मोकळा होतो आणि तांब्या करवतीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. सगळी मारामारी हीच आहे, काढायचं असतं डोळ्याला दिसतं ते, आणि हात आपला डोक्याचं ऐकतो. त्यात माझ्या तांब्याचं डावीकडे पोट सुटलं होतं आणि उजवीकडे तो डाएटवर होता. उजवीकडे थोडं वाढवलं तर डावीकडचं कमी वाटायला लागलं, असं करत करत त्याचा हंडा झाला. तेवढ्यात मुलीने एक केळं खाल्लं, आईला थंडी वाजली, आणि बाबांनी तांब्या उचलून घटाघटा पाणी पिऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. उरलेलं केळं मी खाल्लं.

इंकटोबरही करून बघितलं. जेक पार्कर नावाच्या चित्रकाराने २००९ मध्ये सुरू केलंय ते, ऑक्टोबरचे ३१ दिवस रोज एक शाईचं चित्र. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझं नवं त्याच्या बरंच आधी जुनं झालं, पुढे काय बोलायचं.

पण सीएसएमटीला जेजे आर्ट स्कूलची पोरं बघितलीयत का कधी? फरशीवर बसून माणसं काढत असतात. समोरचा लोकल पकडायला पळाला की त्याला तिथेच सोडून पुढचा धरायचा. मी एकदा मागून डोकावलो तर पानभर अर्धीमुर्धी माणसं, कुणाला पाय नाहीत, कुणाची नुसती बॅग, आणि पोरगा मजेत वडापाव खातोय! ना २०० जीएसएम, ना मूड, ना पियानो.

तेव्हापासून मी सोसायटीच्या मीटिंगला जायला लागलोय. नोटिशीचा पाठकोरा कागद आणि खिशातलं बॉलपेन. लीकेजच्या विषयावर माणसं तासन्‌तास एका पोझमध्ये बसतात हो, खजिनदार काका तर डोळे मिटूनच, फुकटात एवढी मॉडेल्स कोण देतं? कागद मीटिंग संपल्यावर फेकायचाच असल्यामुळे हातही कापत नाही, काकांचं पोट दोन्हीकडून सारखं आलं. परवा मात्र बी विंगचं लीकेज मिटायलाच आलं, कॉन्ट्रॅक्टर ठरला, लोक खुर्च्या सरकवून उठायला लागले, आणि इकडे चेअरमनसाहेबांचा एक कान राहिलेला. मी हात वर करून म्हटलं, "अजून दोन कोटेशनं मागवून बघूया का?"