मोरजीचं पाणी बाटलीत भरून जखम भरत नाही

‘गोव्याच्या समुद्रात सापडलं जगातलं सर्वात प्रभावी अँटिबायोटिक! समुद्रातले जिवाणू ते फुकटात तयार करतात, म्हणून कंपन्यांनी बातमी दाबली. जखमेला ताजं खारं पाणी लावा, दोन चमचे पोटात घ्या, गोळ्या बंद करा. नैसर्गिक आहे, अपाय शून्य. जिवाणूंना याची सवय कधीच लागत नाही.’

व्हॉट्सॲपवरचा हा मजकूर आता गोव्यातल्या मांद्रेच्या माझ्या मावशीपर्यंत पोचला. मावशीला मधुमेह आहे, टाचेला भेग पडून चिघळलेली जखम आहे. मुलाने मोरजीच्या किनाऱ्यावरून खाऱ्या पाण्याची बाटली भरून आणली, मावशीने गोळ्यांची पट्टी कपाटात टाकली. म्हणून हे लिहितोय, नाहीतर अशा मजकुरांना उत्तरं देत बसायला कोणाला वेळ आहे?

आधी जखमेचं बघू, कारण पाय जाऊ शकतो तो इथेच. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात सुमारे दहा लाख जिवाणू असतात. त्यातले काही अँटिबायोटिक बनवतात, हे खरं. पण ते बनवतात आपल्या शेजाऱ्याशी भांडायला, अगदी सूक्ष्म प्रमाणात. बाटलीत येतात ते जिवाणू, औषध नव्हे. आणि त्याच पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जिवाणूही असू शकतो. त्याला कोमट, निमखारं पाणी मानवतं, म्हणजे नदी समुद्राला मिळते तिथलं. मोरजीजवळच शापोरा नदी समुद्राला मिळते, हे आमच्या पेडणे तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. उघड्या जखमेतून तो आत शिरला की कातडीखालचं मांस सडवत जातो. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना धोका जास्त. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या म्हणण्यानुसार याची लागण झालेल्या पाचांपैकी साधारण एक जण दगावतो, कधीकधी एकदोन दिवसांत. खारं पाणी लागल्यावर जखमेभोवती लाली, सूज, फोड किंवा ताप आला तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा, आणि समुद्राचं पाणी लागलंय हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा.

‘पण मिठाच्या पाण्याने जखम धुतातच ना?’ धुतात. तेवढं कबूल. मात्र इस्पितळातलं सलाईन निर्जंतुक असतं आणि त्यात मीठ ०.९ टक्के असतं. समुद्रात साधारण साडेतीन टक्के, वर गावाचं सांडपाणी. मे महिन्यात समुद्रस्नानाला जायची आपल्याकडची रीत आहे, खुशाल जा. धड कातडीने जा. ते दोन चमचे पोटात घेण्याबद्दल मी काही बोलत नाही, किनाऱ्यावर पहाटे काय काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता गंमत ऐका. मावशीने कपाटात टाकलेली गोळी सेफ्युरॉक्झिम या अँटिबायोटिकची. तिचं मूळ समुद्रातच आहे! १९४५ साली इटलीत, सार्डिनिया बेटावरच्या कालियारी शहरात जुझेप्पे ब्रोत्झू या प्राध्यापकाने, शहराचं सांडपाणी समुद्रात पडतं तिथल्या पाण्यातून एक बुरशी वेगळी काढली. (बुरशी, जिवाणू नव्हे, मजकूरवाल्यांना दोन्ही सारखेच.) ती इतर जंतूंना मारते हे त्याने १९४८ मध्ये छापलं. मग ती ऑक्सफर्डला गेली. तिथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी हा पदार्थ वेगळा केला. तो तसाच्या तसा फार दुबळा निघाला. त्याच्या रेणूची एक बाजू बदलल्यावर कुठे दम आला. या घराण्यातलं (मावशीची गोळी त्यातलीच) पहिलं औषध बाजारात यायला १९६४ उजाडलं. ब्रोत्झूने लोकांना त्या गटाराच्या तोंडाशी चमचे घेऊन बसवलं नाही. आणि वर सांगितलेल्या व्हिब्रिओवर डॉक्टर डॉक्सिसायक्लिनच्या जोडीला काय देतात? सेफ्टाझिडिम. याच घराण्यातलं.

जिवाणूंचीही उदाहरणं आहेत. जपानच्या समुद्रात २८९ मीटर खोलवरच्या गाळातल्या जिवाणूकडून ॲबिसोमायसिन मिळालं, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या गाळातून २०१३ मध्ये अँथ्रासायमायसिन. प्रयोगशाळेत दोन्ही जोरदार, पण औषधाच्या दुकानात एकही नाही. बशीत जंतू मारणं सोपं. माणसाला न मारता जंतू मारणं कठीण.

‘कंपन्यांनी दाबली’ यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. दाबत नाहीत, पैसाच घालत नाहीत. दहा दिवस घ्यायच्या आणि शक्यतो राखून ठेवायच्या औषधात नफा कुठला? अकेओजेन या अमेरिकी कंपनीच्या नव्या अँटिबायोटिकला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०१९ मध्ये तिचं दिवाळं निघालं.

‘नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य’: स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक मातीतल्या जिवाणूचं, शंभर टक्के नैसर्गिक. त्याने माणसं बहिरी झालीत.

‘सवय लागत नाही’ हे तर उलटंच. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा जोर कमी करणारा क्यूएनआर-ए नावाचा जनुक आज इस्पितळांतल्या जंतूंमध्ये सापडतो. तो मुळात शेवानेला अल्गी या समुद्री जिवाणूचा.

राहिलं ‘गोव्याच्या समुद्रात सापडलं’. गोव्यात दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ती १९६६ सालची, हे काही गुपित नव्हे. मजकुरात मात्र ना शोधणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव, ना औषधाचं, ना साल. कोणाकडे असेल तर तेवढं पाठवा. मजकूर नको, तो आहे माझ्याकडे.